तंबाखू, श्रद्धा आणि ख्रिस्ती लेखणी

धूम्रपान करणारा मनुष्य चांगला ख्रिस्ती असू शकतो काय, हा प्रश्न उपवासकाळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून हमखास डोके वर काढतो. प्रवचनात त्याचा उल्लेख होतो, युवा शिबिरात त्यावर चर्चा झडते आणि आपल्या नियतकालिकांतून त्यावर एखादा लेखही येतो. उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. एक पक्ष संत पौलाचा आधार घेतो. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, मग त्या मंदिरात धूर कशाला, असा त्याचा सवाल असतो. दुसरा पक्ष प्रभू येशूच्या त्या वचनाकडे बोट दाखवतो, ज्यात बाहेरून आत जाणाऱ्या गोष्टीने माणूस भ्रष्ट होत नाही असे म्हटले आहे. दोन्ही वचने इतक्या वेळा हाताळली गेली आहेत की जुन्या नाण्यावरील अक्षरांप्रमाणे ती झिजून गेली आहेत. आम्हांला येथे तिसरे वचन पुढे करावयाचे नाही. या विषयावर ख्रिस्ती लेखकांनी जे लिहिले ते जरा जवळून वाचावे, एवढाच आमचा हेतू आहे. ते वाचताना आमची अशी खात्री होत गेली की हा प्रश्न आपण चुकीच्या माणसाला विचारीत आलो आहोत.

आधी त्या दोन वचनांविषयी. संत पौलाने करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात शरीराला मंदिर म्हटले आहे हे खरे. परंतु तेथे विषय चालू आहे तो वेश्यागमनाचा. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंदिराची उपमा पुन्हा येते आणि तेथे ती एका व्यक्तीच्या देहाला नव्हे, तर करिंथच्या संपूर्ण मंडळीला उद्देशून आहे. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील वचनाचा संदर्भ शुद्धाशुद्ध अन्नाच्या यहुदी नियमांचा आहे. फुप्फुसांशी त्याचा संबंध नाही. संदर्भ सोडून वचन वापरले की ते कोणाच्याही बाजूने उभे राहते, ही गोष्ट आपल्या वादपटूंना ठाऊक नसेल असे नाही. मात्र मंदिराच्या उपमेच्या अवघे काही ओळी आधी पौल जे म्हणतो त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मला सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी मी कोणत्याही गोष्टीच्या ताब्यात जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. शरीर मलिन होते की नाही यापेक्षा मालक कोण, ही पौलाची खरी चिंता आहे. हा धागा आम्ही पुढे पुन्हा हाती घेणार आहोत.

तंबाखूवरील ख्रिस्ती लेखनात सर्वांत गाजलेला प्रसंग लंडनमधला आहे आणि तो कॅथलिकांचा नाही. १८७४ सालच्या सप्टेंबर महिन्यात चार्ल्स स्पर्जन या विख्यात बॅप्टिस्ट उपदेशकांच्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल या मंदिरात जॉर्ज पेंटेकॉस्ट नावाचे एक अमेरिकन पाहुणे बोलण्यास उभे राहिले. देवाच्या मार्गात अडसर होणाऱ्या लहानसहान गोष्टींचा त्याग हा विषय होता. बोलण्याच्या ओघात त्यांनी स्वतःचे चिरुटाचे वेड आणि ते सोडताना झालेली ओढाताण श्रोत्यांसमोर मांडली. ते बसताच स्पर्जन उठले आणि सांगते झाले की आपण आज रात्री निजण्यापूर्वी देवाच्या गौरवार्थ एक उत्तम चिरूट ओढणार आहोत. वर त्यांनी असेही सुनावले की आज्ञा दहाच आहेत, त्या पाळतानाच पुरेवाट होते, अकरावी त्यांत घालण्याची त्यांना इच्छा नाही. गदारोळ झाला. 'डेली टेलिग्राफ'मधून त्यांना खुलासा करावा लागला. चिरुटाने आपली वेदना शमते, शिणलेल्या मेंदूस विसावा मिळतो, झोप लागते आणि त्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो, असे त्यांनी लिहिले.

स्पर्जन यांच्या या खुलाशाची आजवर पुष्कळ थट्टा झाली आहे. आमच्या मते ती अन्यायाची आहे. ज्या गोष्टीबद्दल मनापासून आभार मानता येतात ती पाप नव्हे, हा विचार क्षुद्र नाही. ज्या काळी त्यांनी हे लिहिले त्या काळी धूम्रपानाचा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध कोणी सिद्ध केलेला नव्हता. डॉल आणि हिल यांचा इंग्लंडमधील अभ्यास प्रसिद्ध झाला तो १९५० साली. शिवाय आज्ञांमध्ये आपल्या आवडीनिवडींची भर घालू नये, हा त्यांचा इशारा सर्वच धर्मोपदेशकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. किती लहानसहान गोष्टींना आपण आजवर पापांच्या यादीत बसवले, आणि किती मोठी पापे तिच्याबाहेर राहू दिली!

तरीही त्या रात्रीचा संवाद पुन्हा वाचला की त्यातील एक विलक्षण विसंगती नजरेस येते. दोघे उपदेशक एकमेकांना उत्तर देत आहेत असे वाटते, पण तसे नाही. पेंटेकॉस्ट बोलत होते ते बेडीविषयी. स्पर्जन उत्तर देत होते ते आज्ञेविषयी. एकजण म्हणतो, मला ही गोष्ट सुटता सुटत नव्हती. दुसरा म्हणतो, तिला मनाई कोठे आहे? स्वातंत्र्याचा पुरस्कार करताना स्पर्जन यांनी समोर बसलेल्या माणसाची साक्ष ऐकलीच नाही. चिरूट सोडू पाहणाऱ्याला काय सोसावे लागते, हे त्या व्यासपीठावर नुकतेच सांगितले गेले होते. निकोटीन माणसाला दास बनवते हे वैद्यकाने पुढे रीतसर सांगितले. साक्षीदार मात्र १८७४ सालीच उपस्थित होता. आपल्याकडील वादही नेमका याच जागी अडतो. 'बायबलात कोठे लिहिले आहे?' असे विचारणारा, आणि 'फादर, सुटत नाही हो' असे पापनिवेदनाच्या जाळीतून पुटपुटणारा, हे दोघे एकाच मिस्सेला असतात. आपण उत्तर देतो ते बहुधा पहिल्यालाच.

कॅथलिक लेखकांत या विषयावर सर्वांत चटकदार लिहिले ते गिल्बर्ट चेस्टरटन यांनी. १९२२ साली ते कॅथलिक ख्रिस्तसभेत आले. चिरूट त्यांच्या बोटांत त्याआधीपासून होता. 'ऑन अमेरिकन मॉरल्स' या निबंधात त्यांनी असा मुद्दा मांडला की तंबाखूचा तिटकारा हे उच्च नीतीचे लक्षण नसून उलट नीतीचा मापदंडच हरवल्याचे लक्षण आहे. ज्यांना बरे-वाईट कशावरून ठरवावे हे कळेनासे होते ते कशाची तरी किळस बाळगतात आणि त्या किळसेलाच तत्त्व समजतात. वाक्य वाचताच मान डोलते. चेस्टरटन यांच्या लेखनाची ही मोहिनीच आहे. किळस आणि विवेक यांतला भेद त्यांनी अचूक पकडला आहे. सिगारेट ओढणाऱ्या मुलीला पाहून आपल्या मंडळींच्या कपाळावर ज्या आठ्या पडतात त्या तिच्या भावाला पाहून पडत नाहीत. यात नीती किती आणि किळस किती, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

मात्र चेस्टरटन यांच्या युक्तिवादात एक फट आहे. किळस हे तत्त्व नव्हे हे मान्य. पण म्हणून आवड हेही तत्त्व ठरत नाही. ते ज्या तंबाखूविषयी लिहितात तो दिवाणखान्यातला, मित्रांच्या गप्पांतला, पोटभर जेवणानंतरचा तंबाखू आहे. तो कोणी पिकवला, कोणी वळला, कोणी विकला, हे त्या निबंधाच्या कक्षेत येत नाही. ओढणारा आणि त्याचा देव, एवढीच दोन पात्रे तेथे आहेत. स्पर्जन यांच्या पत्रातही तीच दोन होती. आम्हांला वाटते, तंबाखूच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिल्या गेलेल्या बहुतेक ख्रिस्ती लेखनाचा हाच दोष आहे.

या दोषातून सुटलेला लेखक आम्हांला अनपेक्षित ठिकाणी भेटला. जे. आर. आर. टॉल्किन हे निष्ठावंत कॅथलिक होते आणि पाईप त्यांच्या तोंडात सदैव असे. १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्यांच्या महाकादंबरीच्या प्रास्ताविकात हॉबिट नावाच्या ठेंगण्या, सुखवस्तू लोकांच्या पाईप ओढण्याच्या कलेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. गॅन्डाल्फ हा जादूगार ही कला त्यांच्याकडूनच शिकतो. कथेत जेथे जेथे पाईप पेटतो तेथे तेथे थोडी विश्रांती, थोडी मैत्री आणि घरची आठवण असते. धूम्रपानाचे एवढे लोभस चित्रण दुसऱ्या कोणा ख्रिस्ती लेखकाने केले असेल असे वाटत नाही. त्यामुळे पाईपवाले वाचक या ग्रंथाला आपला वकील समजतात.

परंतु ग्रंथ शेवटपर्यंत वाचावा. दुष्ट सारुमानचा किल्ला पडल्यावर मेरी आणि पिपिन या दोन हॉबिटांना तेथील कोठारात आपल्याच मुलुखातल्या तंबाखूची पिंपे सापडतात. त्या क्षणी ते हर्षभरित होतात, वाचकही होतो. एवढ्या दूरच्या शत्रूच्या कोठारात शायरमधला माल कसा पोचला, ही शंका तेथे नुसती चाटून जाते. उत्तर मिळते ते घरी परतल्यावर. लोथो नावाच्या त्यांच्याच एका गाववाल्याने हाव धरून तंबाखूचे मळे आपल्या हाती घेतले आहेत आणि गाड्या भरभरून माल परमुलखात रवाना केला आहे. त्या पैशाच्या बळावर तो गावाचा धनी झाला, त्याच्यामागून गुंड आले, झाडे तुटली, घरे पाडली गेली, आणि ज्यांच्या मातीत ते पान उगवते त्या साध्या हॉबिटांना पाईपभर तंबाखू मिळेनासा झाला. ज्या पानाची स्तुती लेखकाने ग्रंथाच्या आरंभी केली, त्याच पानाच्या व्यापारातून त्याने शत्रूला गावात शिरण्याची वाट करून दिली आहे. टॉल्किन यांना फुप्फुसांची चिंता नव्हती. पण पानाला बाजार असतो, बाजाराला हाव असते आणि ती हाव शेजाऱ्याच्या अंगणात येऊन पोचते, हे त्यांना दिसत होते. ओढणाऱ्यावरून नजर उचलून विकणाऱ्याकडे वळवणारे आमच्या वाचनातले हे पहिले ख्रिस्ती लेखन आहे. आणि ते लिहिणारा स्वतः धूम्रपान करणारा होता हे विशेष.

आता ख्रिस्तसभेची स्वतःची कागदपत्रे पाहू. तंबाखूशी तिचा संबंध अमेरिका खंडातून आला. १५८३ साली लिमा येथे आणि १५८५ साली मेक्सिकोत भरलेल्या प्रांतीय धर्मपरिषदांनी मिस्सेपूर्वी तंबाखू घेण्यास धर्मगुरूंना मनाई केली. १६४२ साली पोप आठवे अर्बन यांनी स्पेनमधील सेव्हिल येथील धर्मप्रांतासाठी फर्मान काढून देवळात तंबाखू ओढणाऱ्या, चघळणाऱ्या वा हुंगणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा सांगितली. हे वाचून आपले व्यसनविरोधी वक्ते आनंदतात आणि 'पोपने तंबाखूवर बंदी घातली होती' असे ठोकून देतात. ते बरोबर नाही. त्या साऱ्या नियमांत काळजी होती ती पवित्र भाकरीच्या सन्मानाची आणि वेदीवरच्या वस्त्रांची. देवळाबाहेर, मिस्सा आटोपल्यावर, कोणी काय ओढावे याविषयी ते मौन बाळगतात.

पुढचा इतिहास तर गमतीदार आहे. १७२५ साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी संत पेत्राच्या महामंदिरापुरती ही बंदी उठवली. कारण असे देण्यात आले की तपकिरीसाठी मंडळी उपासना सोडून वारंवार बाहेर जातात आणि त्यापेक्षा जागेवर बसून हळूच चिमूट घेतलेली बरी. प्रवचन सुरू होताच आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर जी पुरुषमंडळी जमते, तिचे मूळ इतके जुने आहे! पोप नववे पायस यांच्याविषयीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांनी एका कार्डिनलपुढे तपकिरीची डबी धरली. हा दुर्गुण माझ्यात नाही, असे तो उत्तरला. तेव्हा पोप म्हणाले, दुर्गुण असता तर तो तुमच्यात असताच. गोष्ट खरी असो वा रचलेली, पण याच पोपमहोदयांनी १८६३ साली रोम शहरात तंबाखूचा कारखाना बांधला ही आख्यायिका नव्हे. ट्रास्टेव्हेरे भागात ती इमारत आजही उभी आहे आणि तिच्या दर्शनी भागावर त्यांचे नाव लॅटिन अक्षरांत कोरलेले आहे.

आणि या व्यापाराशी आपला संबंध नाही असे कोणी समजू नये. तंबाखू हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर त्यांचे राज्य होते. आपल्या पूर्वजांना बाप्तिस्मा ज्या गलबतांतून आला त्याच गलबतांतून हे पानही आले. सतराव्या शतकात पोर्तुगालच्या राजाने तंबाखूचा मक्ता स्वतःकडे ठेवला आणि ब्राझीलमधील बाहियाचा तंबाखू गोव्यापर्यंत येऊ लागला. त्या बाहियाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. तेथला हलक्या प्रतीचा, काकवी लावून वळलेला तंबाखू उलट आफ्रिकेच्या मीना किनाऱ्यावर जाई आणि त्याच्या मोबदल्यात आणखी गुलाम खरेदी केले जात. तंबाखूने माणूस विकत घेतला जात होता, हे येथे अलंकारिक अर्थाने म्हटलेले नाही. हा साखळदंड ज्या शतकांत घडला त्या शतकांत तपकिरीने वेदीवरचे वस्त्र मळते की नाही याची चौकशी चालू होती. ख्रिस्तसभेवर प्रेम असल्यामुळेच हे लिहिताना आम्हांला खेद होतो.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात तंबाखूचा उल्लेख परिच्छेद २२९० मध्ये येतो. तो बारकाईने वाचण्याजोगा आहे. संयम हा सद्गुण माणसाला सर्व प्रकारच्या अतिरेकापासून दूर ठेवतो, असे सांगून अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांचा तेथे एका दमात निर्देश केला आहे. म्हणजे तंबाखूला पंगतीत बसवले आहे ते भाकरी आणि द्राक्षारसाच्या शेजारी. वस्तू चांगली, अतिरेक वाईट, असा त्याचा अर्थ. लगेच पुढच्या, २२९१ क्रमांकाच्या परिच्छेदात अमली पदार्थांचा विचार आहे. तेथे भाषा एकदम कठोर होते: वैद्यकीय उपचाराखेरीज त्यांचे सेवन हा गंभीर अपराध, आणि चोरून त्यांचे उत्पादन व व्यापार करणे हे दुष्कृत्यात थेट सहभागी होणे. दोन परिच्छेदांमध्ये एका रेघेचे अंतर आहे आणि तंबाखू त्या रेघेच्या अलीकडे आहे.

आमच्या मते ही मांडणी आज अपुरी पडते. भाकरीची मात्रा असते, द्राक्षारसाचीही असते. काना येथे प्रभूने ती उदार हाताने वाढली. पण सिगारेटची अशी मात्रा कोणती, जी निरोगी म्हणता येईल? वैद्यक तशी मात्रा दाखवू शकत नाही. आणि जी वस्तू रोजच्या रोज स्वतःची मागणी वाढवते तिच्या बाबतीत 'अतिरेक टाळा' हा सल्ला, उतारावर ढकललेल्या गाडीला 'सावकाश जा' म्हणण्यासारखा आहे. दुसऱ्या बाजूस, ओढणाऱ्याच्या दोषाबद्दल हाच ग्रंथ परिच्छेद १७३५ मध्ये सांगतो की सवय, भीती, बळजबरी यांनी कृत्याची जबाबदारी कमी होते. कोवळ्या वयात लागलेली आणि रक्तात भिनलेली सवय असलेल्या माणसावर पापाचा शिक्का मारताना तो परिच्छेद आपल्या वक्त्यांनी जरूर वाचावा.

ग्रंथात जे झाले नाही ते पुढे एका छोट्या प्रशासकीय निर्णयाने झाले, असे आम्ही समजतो. व्हॅटिकनमध्ये कर्मचारी आणि निवृत्तांना सवलतीच्या दरात सिगारेटी मिळत. त्यापासून व्हॅटिकनला उत्पन्नही होते. पोप फ्रान्सिस यांनी ही विक्री २०१८ पासून बंद करण्याचा निर्णय घेतला आणि तो नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झाला. लोकांच्या आरोग्याला उघड अपाय करणाऱ्या व्यवहाराला हातभार लावता येणार नाही, माणसांच्या प्राणांवर बेतणारा नफा न्याय्य असू शकत नाही, अशी कारणे देण्यात आली. ओढणाऱ्याला त्या निवेदनात पापी म्हटलेले नाही. दोष ठेवला आहे तो स्वतःच्या दुकानावर. १५८३ पासून २०१७ पर्यंतच्या साऱ्या कागदपत्रांत आम्हांला सर्वांत ख्रिस्ती वाटलेली हीच.

आता आपल्या स्वतःच्या लेखनाकडे येऊ. आपल्या समाजात व्यसनमुक्तीपर कथा, एकांकिका आणि पथनाट्ये विपुल आहेत. त्यांतला खलनायक सिगारेट ओढतो हे पडदा उघडताच कळते. तो दुसऱ्या प्रवेशात खोकतो, तिसऱ्यात अंथरुणाला खिळतो, बायको मंगळसूत्र गहाण टाकते आणि फादर येऊन समारोपाचे दोन शब्द बोलतात. हेतू चांगला आहे, पण चांगल्या हेतूने वाईट कथा चांगली होत नाही. या कथा वाचून सिगारेट ओढणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही. त्याला फक्त एक राक्षस दिसतो आणि आपण तसे नाही याचे समाधान वाटते.

त्याहून गंभीर दोष असा की या साऱ्या लेखनाचा विषयच आपल्याकडचा नाही. २०१६-१७ साली देशभर प्रौढांची तंबाखूविषयक पाहणी झाली. तीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे शंभरात जेमतेम चार आढळले. तंबाखू चघळणारे, दाढेखाली धरणारे वा हिरड्यांना चोळणारे मात्र चोवीस. सिगारेट हा लंडनचा आणि हॉलिवूडचा विषय आहे. आपला विषय आहे तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला आणि वाटून पूड केलेला तंबाखू. मशेरी! पहाटे चूल पेटली की आधी मशेरी भाजायची, तिच्या वासाने पोरे शिंकत उठायची, आणि आया-बाया ओसरीच्या कडेला बसून बोटाने दात घासत दिवसाचा पहिला विसावा घ्यायच्या, हे चित्र ज्यांच्या ओळखीचे आहे अशी कुटुंबे आपल्या वाचकांत थोडी नाहीत. दिवसभर वाडीत राबणाऱ्या त्या बाईचा तो एकमेव हक्काचा अर्धा तास होता. या मशेरीवर आम्ही प्रवचन ऐकलेले नाही. ती धूर सोडत नाही, म्हणून ती आपल्या नीतीच्या नजरेत भरत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका अभ्यासात मात्र असे आढळले होते की मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या अर्भकांचे वजन सरासरीने सुमारे शंभर ग्रॅमने कमी भरते. चेस्टरटन यांचे म्हणणे येथे उलट्या रीतीने खरे ठरते. किळस ज्याची वाटत नाही त्याचा विचारच आपण करीत नाही.

आतिथ्याचेही असेच. लग्नाच्या मांडवात पानसुपारीच्या ताटात विडी-सिगारेटची पाकिटे उघडून ठेवण्याची रीत अनेक घरांनी मोठ्या हौसेने पाळली. ताट फिरवायला हमखास घरातला लहान मुलगा असे, आणि आजोबांसाठी नाक्यावरून विडीचे बंडल आणायलाही तोच. त्या मुलाने सोळाव्या वर्षी पहिली सिगारेट ओढली की त्याला शिबिरात बसवून शरीर हे मंदिर आहे असे शिकवायचे! संत पौलाने मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयी लिहिताना सांगितले होते की मला ते खाण्याची मुभा असली तरी माझ्या खाण्याने जर दुर्बळ बंधू अडखळत असेल तर मी ते खाणार नाही. तंबाखूच्या वादात हा अध्याय कोणी काढत नाही, कारण त्यात प्रश्न ओढणाऱ्याला नसून ताट पुढे करणाऱ्याला आहे.

आणि दुकानदाराला. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तो विकण्यास मनाई आहे. आपल्या धर्मग्रामांच्या शाळा बहुधा देवळाला लागून असतात. तेव्हा त्या वर्तुळात कोणाची टपरी आहे, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. ती पुष्कळदा आपल्याच माणसाची असते. रविवारी तो मिस्सेला येतो, सणाला वर्गणी देतो, आणि तंबाखूविरोधी पथनाट्य त्याच्या टपरीसमोर होते तेव्हा मुलांना सरबतही पाजतो. तो ढोंगी नाही. बिस्किटांवर सुटते त्यापेक्षा विडी-तंबाखूवर त्याचे गिऱ्हाईक टिकून असते आणि त्यावर दोन मुलांचे शिक्षण चालते. व्हॅटिकनने विक्री थांबवली तेव्हा कोणाची चूल विझली नसावी. याची विझेल. त्याला 'विकू नकोस' म्हणणे सोपे आहे. विकले नाही तर त्याने काय करावे, हे धर्मग्रामाने त्याच्याबरोबर बसून ठरवणे अवघड आहे, आणि तेवढ्यासाठीच बहुधा आपण सिगारेट ओढणाऱ्या पोरावर प्रवचन करून मोकळे होतो.

लोथोचे चित्र टॉल्किन यांनी हाव या एका रंगात रंगवले. आपल्या टपरीवाल्याला तो रंग पुरणार नाही. सकाळी सहाला फळी उघडणारा, गळ्यात जपमाळ असलेला, उधारीच्या वहीत अर्ध्या धर्मग्रामाची नावे बाळगणारा, आणि शाळेच्या गणवेशातला मुलगा सुटे पैसे पुढे करतो तेव्हा क्षणभर हात आखडणारा हा माणूस आपल्या एकाही कथाकाराने अजून लिहिलेला आमच्या वाचनात नाही.